घोरणे, झोप आणि उपचारांची पारख



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खोडवा, पाचट असे विषय घेतो. या अंकात विषय वेगळा आहे. तो झोपेचा आहे, आणि झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर जगभर व आपल्या देशात जे उपचार शोधले जात आहेत त्यांचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने डॉक्टरांच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे.

गेल्या महिन्यात एका गटात खोडवा व्यवस्थापनाचे चर्चासत्र झाले. कार्यक्रम आटोपून चहापाणी चालले असता एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांला विचारले, "साहेब, रोज शंख फुंकला की घोरणं जातंय म्हणं. नातवानं मोबाईलवर दावलं. राजस्थानात डॉक्टरांनी परयोग केलाय. खरं हाय का ह्ये?" बसलेली मंडळी हसली. एकजण म्हणाला, "आबा, मग गुरवालाच घरी मुक्कामाला बोलवा." आम्ही मात्र हसलो नाही. आबांचा प्रश्न बरोबर होता, आणि ज्या आजाराबद्दल तो होता तो आमच्याही अंगाला लागलेला आहे.

आमच्यावर बेतलेला प्रसंग

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. गाळप ऐन भरात होते. तोडणीचा प्रोग्राम, मुकादमांची भांडणे, उसाचे फड, सगळे पाहून आम्ही रात्री साडेनऊच्या सुमारास लासुर्ण्याकडून मोटारसायकलवर येत होतो. पुढचे काही आठवत नाही. भान आले तेव्हा गाडी रस्ता सोडून कोरड्या चारीत गेली होती आणि आम्ही तिच्या शेजारी पडलो होतो. खांद्याला मुका मार लागला, एवढ्यावर निभावले. आम्ही चारीतून वर येतो तोवर दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर शेजारून गेला. गाडी डावीकडे न जाता उजवीकडे गेली असती तर हा लेख लिहायला आम्ही राहिलो नसतो.

हंगामाचा ताण, जागरण, असे म्हणून आम्ही तो विषय सोडून देणार होतो. घरच्यांनी तो सोडू दिला नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, तुमचं घोरणं मला सवयीचं झालंय. पण मधेच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी उठून बसते. परत श्वास येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो." हे त्या कित्येक वर्षे सांगत होत्या. आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

शेवटी पुण्याला जाऊन तपासणी केली. बोटाला, छातीला व नाकाला तारा लावून एक रात्र झोपवतात आणि श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला, रक्तातला प्राणवायू किती खाली गेला, याची नोंद घेतात. आमचा आकडा आला तासाला ३८. म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. तासाला ५ पर्यंत हा आकडा ठीक मानतात, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला तरच तो मोजतात, एवढे ध्यानात घेतले म्हणजे ३८ चा अर्थ कळेल.

हे होते कसे

विहिरीवर मोटर बसवलेल्या कोणाही शेतकऱ्याला हा आजार दोन वाक्यांत समजेल. पंपाच्या ओढणीच्या बाजूला मऊ पाइप लावला तर काय होते? पंप ओढू लागला की पाइप आतल्या आत चिपकतो आणि पाणी येत नाही. म्हणून ओढणीचा पाइप कडक किंवा तारेचा वापरतात. आपला घसा हा त्या मऊ पाइपासारखा आहे. जागेपणी तिथले स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. मानेत चरबी जास्त असली, जबडा मागे असला किंवा टाळू-पडजीभ मोठी असली, म्हणजे श्वास आत ओढताना घसा चिपकतो. वाट अरुंद असते तोवर घोरण्याचा आवाज येतो आणि पूर्ण बंद झाली की आवाजही बंद होतो. घरच्यांना भीती वाटते ती या शांततेची, आणि ती रास्त आहे. मग प्राणवायू खाली जातो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा घुरका येतो आणि श्वास सुरू होतो. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही. त्याला वाटते आपण आठ तास झोपलो. प्रत्यक्षात तो रात्रभर दचकत असतो.

याचा परिणाम दिवसा दिसतो. सकाळी डोके जड, सभेत डुलक्या, चिडचिड, विसराळूपणा, आणि वाहन चालवताना डोळा लागणे. जोडीला रक्तदाब वाढतो. हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीही या आजाराचे नाते आढळलेले आहे. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत श्वास अडकणे, असे आपण म्हणू.

हा श्रीमंतांचा किंवा परदेशातला आजार आहे, असा समज आपल्याकडे होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीने तो खोटा ठरवला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांपैकी २५० जणांची घरी रात्रीची तपासणी केली. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा, की शंभरात १९ ते २० जणांचा श्वास झोपेत तासाला ५ किंवा अधिक वेळा अडकतो, आणि शंभरात ७ ते ८ जणांना त्यासोबत दिवसाची गुंगीही असते. ही मंडळी स्वतःला निरोगी समजत होती. पाहणी शहरातल्या पुरुषांची होती, हे खरे. पण ट्रॅक्टरच्या सीटवर, मोटारसायकलवर आणि सोसायटीच्या खुर्चीवर दिवस काढणारे आपले अंगही आता पूर्वीचे राहिलेले नाही. आणि हा केवळ पुरुषांचा आजार नव्हे. पाळी गेल्यानंतर बायकांतही तो वाढतो, फक्त त्यांचे घोरणे कोणी बोलून दाखवत नाही.

उपचार खरा की खोटा, हे कसे ठरवायचे

आता आमच्या धंद्याकडे येतो. समजा एखाद्याने नवे खत आणले आणि सांगितले, की यंदा हे टाकले नि एकरी ८० टन ऊस निघाला. आपण लगेच विश्वास ठेवतो का? आपण विचारतो, शेजारच्या प्लॉटात काय निघाले? त्याला हे खत नव्हते ना? जमीन सारखीच होती ना? खत कालव्याकडच्या काळ्या रानात टाकले आणि बिनखताचा प्लॉट खालच्या चोपणात धरला, तर खताने काय केले आणि जमिनीने काय केले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये नव्या वाणाची चाचणी घेताना शेजारी तुल्य वाण लावतात, वाफे चिठ्ठ्या टाकून ठरवतात आणि तोच प्रयोग अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा घेतात. को ८६०३२ हा वाण अशा कसोट्यांतून उतरला, म्हणून इतकी वर्षे आपल्या रानात टिकला.

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण डॉक्टरांनी ही रीत शेतीकडूनच घेतली. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचे जुने शेती संशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे गणिती दाखल झाले आणि वाफे चिठ्ठ्यांनी ठरवण्याचे शास्त्र त्यांनी तिथे बसवले. पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची १९४८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ब्रिटनमध्ये याच पद्धतीने झाली. १०७ रोगी होते. चिठ्ठीप्रमाणे ५५ जणांना औषध व विश्रांती आणि ५२ जणांना नुसती विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत औषधवाल्यांत ४ दगावले, विश्रांतीवाल्यांत १४. तेव्हापासून कोणताही उपचार पारखण्याची हीच मुख्य कसोटी झाली. म्हणून चेक प्लॉट ज्याला समजला त्याला क्लिनिकल ट्रायल समजली, असे आम्ही म्हणतो.

सिडनीचे मशीन

झोपेत श्वास अडकण्यावर १९८० पर्यंत खात्रीचा म्हणावा असा एकच उपाय होता, तो म्हणजे गळ्याला समोरून भोक पाडून नळी बसवणे. १९८० साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे या आजाराचा एक रोगी होता. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता. डॉक्टरांनी घर झाडण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, ती हवा ओढते तिथून उलट हवा फेकेल अशी जोडणी केली आणि नळीने ती हवा त्याच्या नाकात सोडली. त्या रात्री त्याचा घसा चिपकला नाही. अशा पाच रोग्यांची हकिकत १९८१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली.

हे मशीन म्हणजे सीपॅप. त्याचे तत्त्व आपल्या लपेटा पाइपासारखे आहे. रिकामा असताना पाइप चपटा पडलेला असतो, पाण्याचा दाब आला की गोल उघडतो. सीपॅप हवेच्या दाबाने घसा तसा उघडा ठेवते. ते आजार बरा करत नाही. नाकाला लावले तोवर काम करते, काढले की घसा पुन्हा मऊ पाइप होतो.

आम्हांला हेच मशीन सांगितले गेले. आम्ही ते आणले, चार रात्री लावले आणि कपाटात ठेवले. नाकावर मास्क, तोंड कोरडे पडणे, कुशीवर वळले की नळी अडकणे, आणि रात्री लाइट गेली की मशीन बंद. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही विमान चालवताय की काय?" चार महिने ते कपाटात होते. दहा हजारांच्या पटीत किंमत मोजून घेतलेली वस्तू कुलपात, आणि आम्ही पुन्हा रस्त्यावर पेंगत. एखाद्या सभासदाने ठिबक संच आणून गोठ्यात ठेवला असता तर आम्ही त्याला काय काय बोललो असतो, ते सांगत नाही.

सात देशांची चाचणी काय सांगते

मशीन कपाटातून बाहेर निघाले ते एका चाचणीची माहिती वाचून. सेव्ह या नावाची ही चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. सात देशांतल्या ८९ केंद्रांत ती झाली आणि आपला भारत त्या सातांत होता. मध्यम ते तीव्र श्वास अडकणे आणि सोबत आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार, अशा २७१७ जणांचे चिठ्ठीप्रमाणे दोन भाग केले. एका भागाला नेहमीचे औषधपाणी आणि सीपॅप, दुसऱ्याला नुसते नेहमीचे औषधपाणी. सरासरी पावणेचार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले.

निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्याने मृत्यू असे प्रसंग मशीनवाल्यांत शंभरात १७ आणि बिनमशीनवाल्यांत शंभरात १५ जणांवर आले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. म्हणजे त्या बाबतीत मशीनचा फायदा सिद्ध झाला नाही. मात्र दिवसाची गुंगी कमी झाली, मन बरे राहिले आणि आजारपणामुळे कामाचे खाडे कमी झाले.

आता यातली मेख पाहा. मशीन मिळालेल्यांनी ते रात्री सरासरी ३ तास १८ मिनिटेच लावले होते. बाकीची रात्र घसा चिपकतच होता. आठ तासांची पाणीपाळी असताना तीन तासांत मोटर बंद केली तर उसाचा दोष काढून चालेल काय? ज्यांनी रात्री चार तास किंवा जास्त मशीन लावले त्यांच्यात पक्षाघात कमी आढळला. पण इथेही जपून बोलले पाहिजे. जो माणूस मशीन वेळेवर लावतो तो गोळ्याही वेळेवर घेतो आणि पथ्यही पाळतो. वेळेवर पाणी देणारा शेतकरी खुरपणीही वेळेवर करतो, तेव्हा त्याच्या उताऱ्याचे सगळे श्रेय पाण्याला देता येत नाही. ही निवड चिठ्ठीने झालेली नव्हती, ती ज्याच्या त्याच्या स्वभावाने झाली होती.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागली. ज्यांना दिवसा फारच गुंगी येते आणि वाहन चालवताना झोप लागण्याचा धोका आहे, अशांना या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांना वर्षानुवर्षे बिनमशीनच्या भागात ठेवणे योग्य झाले नसते. म्हणजे आमच्यासारख्या चारीत गेलेल्या माणसाला तो चेक प्लॉट लागूच नव्हता. त्या रात्री आम्ही मशीन कपाटातून काढले.

मागे घेतलेला एक लेख

आपल्याच देशातली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी ८६ रोग्यांवर सीपॅपची चाचणी घेतली. प्रत्येकाला तीन महिने खरे मशीन आणि तीन महिने दिसायला तसेच पण पुरेसा दाब न देणारे मशीन दिले. रक्तदाब, चरबी व साखर यांवर चांगला परिणाम झाल्याचा त्यांचा लेख २०११ साली अमेरिकेतील न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि गाजला. पुढे आकडेवारीत चुका आढळल्या आणि २०१३ साली तो लेख मागे घेण्यात आला.

यावरून सगळे संशोधन खोटे, असा अर्थ कोणी काढू नये. काट्यावर चूक झाली तर आपण फेरवजन मागतो, काटा मोडून टाकत नाही. एका लेखावर विसंबून उपचार ठरवू नये, तोच प्रयोग दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उतरतो का हे पाहावे, एवढाच त्याचा धडा आहे.

वजन आणि नवे इंजेक्शन

हा आजार असलेल्या जाड माणसाने वजन उतरवले की श्वास अडकणे कमी होते, हे पूर्वीपासून माहीत होते. जून २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या आठवड्याला एकदा घेण्याच्या इंजेक्शनची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ४६९ जण होते, सगळे बरेच जाड, तासाला सरासरी ५० च्या आसपास श्वास अडकणारे. एका भागाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तसेच पण आत औषध नसलेले इंजेक्शन. वर्षभरात औषधवाल्यांचा आकडा तासाला २५ ते २९ ने उतरला. बिनऔषधवाल्यांचाही सुमारे ५ ने उतरला! चेक प्लॉट नसता तर हे ५ सुद्धा औषधाच्या खात्यावर जमा झाले असते. त्या आधारावर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणासह असलेल्या या आजारासाठी त्याला परवानगी दिली. मार्च २०२५ मध्ये ते मधुमेह व वजनासाठी भारतातही विक्रीला आले.

ते महाग आहे, पोटाच्या तक्रारी होऊ शकतात आणि बंद केल्यावर वजन पुन्हा वाढते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीही त्याच्या नादी लागू नये. सवलतीच्या साखरेचे पोते घरी आले म्हणून ते महिन्यात संपवलेच पाहिजे असे नाही, हे साखर कारखान्याच्या नोकराने सांगणे विचित्र वाटेल, तरी सांगतो.

शस्त्रक्रियेच्या अंगानेही शोध चालू आहेत. छातीच्या कातडीखाली लहान यंत्र बसवून जिभेच्या नसेला झोपेत हलका झटका द्यायचा म्हणजे जीभ पुढे राहते, अशा उपचाराची १२६ जणांवरील चाचणी २०१४ साली आली. मशीन न सोसणाऱ्या या मंडळींचा मधला आकडा तासाला २९ वरून वर्षाने ९ वर आला. मग ज्यांना गुण आला त्यांतल्या काहींचे यंत्र चिठ्ठी टाकून आठवडाभर बंद ठेवले, तर त्यांचा त्रास परतला. गुण यंत्राचाच होता, हे असे ताडून पाहतात. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दातांची पट्टीही सौम्य व मध्यम आजारात वापरतात.

मग शंखाचे काय?

आता आबांच्या प्रश्नाचे उत्तर. होय, प्रयोग झाला आहे. जयपूरच्या इटर्नल हार्ट केअर सेंटरमधील डॉ. कृष्ण शर्मा आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये युरोपातील एका श्वसनविषयक नियतकालिकात आला. मध्यम आजाराचे ३० जण, वय १९ ते ६५. चिठ्ठीने १६ जणांना शंख फुंकायला शिकवले आणि १४ जणांना दीर्घ श्वसन. दिवसाला किमान १५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, सहा महिने. शंखवाल्यांची दिवसाची गुंगी दुसऱ्या भागापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी भरली आणि श्वास अडकणे तासाला सरासरी ४ ते ५ ने कमी झाले. रात्रीचा प्राणवायूही सुधारला.

हे अशक्य कोटीतले नाही. ऊस तोडणाऱ्याचा दंड जसा कामाने घट्ट होतो तसे फुंकण्याने घशाचे व टाळूचे स्नायू बळकट होत असावेत, असा तर्क आहे. २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरीडू हे लांब फुंकवाद्य २५ जणांना चार महिने शिकवून असाच फायदा दिसला होता. २००९ साली ब्राझीलमध्ये ३१ जणांवर जीभ व घशाच्या व्यायामाची चाचणी झाली, तिथेही आकडा उतरला.

पण आबा, हा अजून दोन गुंठ्यांवरचा प्रयोग आहे. माणसे तीसच. आपण शंख फुंकतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला बरे वाटण्याचीही शक्यता असते. मशीनशी त्याची तुलना केलेली नाही. आणि तासाला ४-५ ने घट ही २० वाल्याला उपयोगी आहे, आमच्यासारख्या ३८ वाल्याचे त्याने भागणार नाही. त्या डॉक्टरांनी स्वतःच पुढे अनेक रुग्णालयांत मोठी चाचणी घेण्याचे म्हटले आहे. तेव्हा शंख जरूर फुंका, हृदयाचा, डोळ्यांच्या दाबाचा किंवा हर्नियाचा त्रास असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारा. शंख आणला म्हणून तपासणी टाळू नका आणि मशीन चालू असेल तर ते सोडू नका. तुकोबांची पालखी सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीवरून दरसाल जाते. तिच्यापुढे तुतारी फुंकणाऱ्यांची छाती पाहून आम्हांला हेवा वाटतो, पण ते घोरतात की नाही हे कोणी मोजलेले नाही.

सभासदांनी काय करावे

पुढील गोष्टी घरात मोठ्याने वाचून दाखवाव्यात. मोठ्याने घोरणे, मधेच श्वास थांबलेला घरच्यांनी पाहणे, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग, रक्तदाब, जाड मान (सुमारे १६ इंचांच्या पुढे), वाढलेले वजन आणि पन्नाशीच्या पुढचे वय. यांतल्या तीन-चार गोष्टी जुळत असतील तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना भेटावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. झोपेच्या तपासणीची सोय कोठे होईल, हे तिथे किंवा आपल्या डॉक्टरांकडे विचारावे.

तोवर कुशीवर झोपावे. रात्री 'घेण्याची' सवय असेल ती सोडावी, कारण दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मशीन घेतल्यास नुसते कपाट भरू नये. मास्क टोचत असेल तर बदलून मागावा, पहिला महिना चिकाटी धरावी आणि घरचा इन्व्हर्टर त्याला जोडून घ्यावा.

वाहतूक ठेकेदार व ट्रॅक्टरमालक यांना खास विनंती आहे. डोळा लागणाऱ्या चालकाला आळशी ठरवून बोलू नका आणि 'तंबाखू मळ नि चल' असेही म्हणू नका. त्याला कामावरून न काढता तपासणीला पाठवा. काम जाईल या भीतीने तो लपवील, आणि लपवलेली झोप भरल्या ट्रॉलीसकट कोणाच्या तरी अंगावर जाईल.

उद्या एखाद्या रुग्णालयाने तुम्हांला चाचणीत सहभागी व्हा म्हटले तर घाबरू नका आणि आंधळेपणाने अंगठाही उठवू नका. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे. तीत नोंद आहे का, नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का, हे विचारा. संमतीपत्र मराठीत मागा, वाचून घ्या, घरी आणून विचार करा. आपल्याला चिठ्ठीने कोणताही भाग मिळू शकतो हे समजून घ्या. मधेच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हांला आहे. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. कोणाच्या तरी रानात चाचणीचा वाफा निघाला म्हणून आपल्याला चांगले बेणे मिळाले, हेही विसरू नये.

आमच्यापुरते सांगायचे तर मशीन स्वतःच तास मोजते. गेल्या सहा महिन्यांत आमची सरासरी रात्रीला पाच तासांची आहे. सभेत पेंग येत नाही आणि सौ. रात्री उठून बसत नाहीत. पण हा एकच प्लॉट आहे आणि त्याला चेक प्लॉट नाही. तेव्हा आमच्या सांगण्यावरून मशीन घेऊ नका. आमच्या सांगण्यावरून तपासणी तेवढी करून घ्या आणि घरची माणसे झोपेबद्दल काही सांगत असतील तर ते ऐकून घ्या.

पुढील अंकात नेहमीप्रमाणे सुरू उसाच्या मोठ्या बांधणीविषयी लिहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी